६जीच्या स्टँडर्ड बॉडी एकमेकांशी काम कसं करतात आणि त्यात आपण शिरायचं कसं

६जीवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की हे स्टँडर्ड नक्की बनवतं कोण. एक कोणी बनवत नाही हे कळलं की बहुतेक जण आपल्या कंपनीचा संबंध असलेली एक संस्था धरतात आणि तिचीच कागदपत्रं वाचत बसतात, आणि मग वर्षभराने कळतं की आपण ज्यावर डोकं खपवतोय ते दुसऱ्या संस्थेत आधीच होऊन बसलंय किंवा तिथे त्याला कडाडून विरोध आहे. म्हणून माझा आग्रह असा की दोन संस्थांच्या मधे काय चालतं ते वाचायला आधी शिका. मोठे घोळ तिथेच होतात आणि टाळायचे तर तिथेच टाळता येतात.

सुरुवातीला कोणाचं काय ते डोक्यात पक्कं करा. आयटीयू ही १८६५ पासूनची, आता युनोच्या छत्राखालची संस्था. तिचा रेडिओ विभाग, म्हणजे आयटीयू-आर, ६जीला आयएमटी-२०३० म्हणतो, पण तो स्वतः टेक्नॉलॉजी बनवत नाही, काय जमलं पाहिजे ते ठरवतो आणि नंतर आलेले प्रस्ताव तपासतो. नोव्हेंबर २०२३ मधलं एम.२१६० हे रेकमेंडेशन आधी वाचा, त्यात वापराचे सहा प्रकार आणि पंधरा क्षमता दिल्यात, पुढची सगळी चर्चा त्यांच्याच भोवती फिरते. मोबाईलला कोणते फ्रिक्वेन्सी बँड मिळणार हे वर्ल्ड रेडिओ कॉन्फरन्समध्ये ठरतं, पुढची २०२७ ला आहे.

प्रत्यक्ष मोबाईल सिस्टीम लिहिते ती थ्रीजीपीपी. डिसेंबर १९९८ मध्ये सुरू झालेली ही खरं तर सात संस्थांची भागीदारी आहे: युरोपची एट्सी, अमेरिकेची एटिस, जपानच्या एरिब आणि टीटीसी, चीनची सीसीएसए, कोरियाची टीटीए आणि भारताची टीएसडीएसआय. त्यांचं काम टप्प्याटप्प्याने निघतं आणि एकेका टप्प्याला रिलीज म्हणतात. रिलीज २० मध्ये ६जीचा अभ्यास आणि रिलीज २१ मध्ये पक्की स्पेक, म्हणजे तपशीलवार नियमांचं कागदपत्र, असा त्यांचा प्लॅन आहे. इंटरनेटचे प्रोटोकॉल आयईटीएफचे, वायफाय आणि ईथरनेट आयईईई ८०२ चं, आणि बेस स्टेशनचे भाग वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेऊन जोडता यावेत यासाठी २०१८ मध्ये ओ-रॅन अलायन्स निघाली. अजूनही बऱ्याच आहेत पण सुरुवातीला एवढ्या पुरेत.

आता हे जोडलेलं कसं आहे ते बघायचं तर ५जी कोरची, म्हणजे रेडिओच्या मागच्या मुख्य नेटवर्कची, कुठलीही स्पेक उघडा आणि सरळ दुसऱ्या कलमावर जा, जिथे संदर्भ असतात. बहुतेक लोक हे पान ओलांडून पुढे जातात, तुम्ही तिथेच थांबा. ५जी कोरमधले भाग एकमेकांशी बोलतात ते एचटीटीपी/२ वर, आणि ते आयईटीएफचं. फोन नेटवर्कला ओळख पटवून देतो त्यातली ईएपी-एकेए प्राइम ही पद्धतसुद्धा आरएफसीमध्ये, म्हणजे आयईटीएफच्या क्रमांक दिलेल्या छापील कागदपत्रात, आहे. संदर्भांच्या वर एक ठरलेला मजकूर असतो तो पण नीट वाचा: संदर्भाला आवृत्ती किंवा तारीख दिली असेल तर तीच आवृत्ती धरायची, दिली नसेल तर सगळ्यात नवी. म्हणजे तारीख नसलेल्या संदर्भात दुसऱ्या संस्थेने बदल केला तर तुमची स्पेक एक अक्षर न बदलता बदलते. आपल्या विषयाच्या स्पेकमधले बाहेरचे संदर्भ एका शीटमध्ये काढून ठेवा, कोणाशी बोलावं लागणार याची यादी आपोआप तयार होते.

संस्था एकमेकींशी अधिकृतपणे बोलतात ते लायझन स्टेटमेंटमधून, सगळे त्याला एलएस म्हणतात. हे कसं वाचायचं ते शिकलात तर निम्मं काम झालं. थ्रीजीपीपीचा एलएस साधारण दोन पानांचा असतो, वर विषय, हा कशाला उत्तर म्हणून आहे का, कोणता रिलीज, कोणता वर्क आयटम (हाती घेतलेलं काम), कोणाकडून, कोणाला, आणि कॉपी कोणाला. खाली पहिल्या भागात काय घडलं, दुसऱ्या भागात समोरच्याने काय करायचं, आणि तिसऱ्यात पुढच्या मीटिंगच्या तारखा. माझी सवय अशी की आधी दुसरा भाग वाचायचा. तिथे नुसतं माहितीसाठी असेल तर दोन्हीकडे अजून भांडण नाही, ठोस प्रश्न असेल तर कुठेतरी काम अडलंय. मग 'कोणाला' आणि 'कॉपी' मधला फरक बघा, कारण कॉपीत असलेल्या गटाकडून कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे तोच गट कॉपीत टाकलेला असेल तर ते प्रकरण पुढे लांबणार हे धरून चाला.

हे सगळं बघायला पैसे लागत नाहीत. थ्रीजीपीपीच्या मीटिंगची कागदपत्रं, ज्यांना टीडॉक म्हणतात, सर्व्हरवर सगळ्यांना खुली असतात, मीटिंगला जायला मात्र त्या सातपैकी एखाद्या संस्थेची मेंबरशिप लागते. आयईटीएफमध्ये तर मेंबरशिप हा प्रकारच नाही, मेलिंग लिस्टवर नाव घाला आणि बोला, आणि त्यांच्या डेटाट्रॅकरवर आलेले-गेलेले सगळे एलएस दिसतात. आयटीयू-टीच्या (आयटीयूचा टेलिकॉम स्टँडर्डचा विभाग) तयार रेकमेंडेशन बहुतेक फुकट मिळतात पण चालू ड्राफ्ट मेंबरलाच दिसतात, तिथल्या फोकस ग्रुपमध्ये मात्र बाहेरच्यांनाही येता येतं.

लिहायची वेळ आली की खरी परीक्षा. "आमच्या अभ्यासाची नोंद घ्यावी आणि अभिप्राय कळवावा" असं लिहिलेल्या पत्राचं काय होतं तर समोरच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटांत 'नोटेड' शिक्का पडतो आणि विषय संपतो. त्याऐवजी असं लिहा: "आमच्या ड्राफ्टच्या कलम ६.२ मध्ये दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय तुमचा सध्याचा प्रोटोकॉल न बदलता चालेल का? नसेल तर नेमकं कोणतं फील्ड कमी पडतं? आमचा निर्णय अमुक मीटिंगला आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं." आणि ते कलम ६.२ पत्रासोबत जोडा, नुसती लिंक देऊन भागत नाही कारण समोरच्याला ती उघडण्याचा अधिकार असेलच असं नाही. तारखांचं गणित पण तुम्हीच करायचं. थ्रीजीपीपीच्या प्लेनरी, म्हणजे सगळ्या गटांच्या वरच्या निर्णयाच्या मीटिंग, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये असतात, आयईटीएफच्या मुख्य मीटिंग वर्षातून तीन, आयटीयू-टीच्या स्टडी ग्रुपच्या त्याहून लांब अंतरावर, त्यामुळे एक प्रश्न आणि एक उत्तर यातच अख्खं सहामाही जाऊ शकतं. स्पेक फ्रीझ व्हायच्या, म्हणजे तिच्यात नवी भर बंद व्हायच्या, तोंडावर पाठवलेल्या एलएसचा काही उपयोग होत नाही.

आणि प्रश्न घेऊन जायचं की उत्तर, यावर बरंच अवलंबून असतं. आयएमएससाठी, म्हणजे मोबाईलचे कॉल इंटरनेटच्या पद्धतीने चालवणाऱ्या सिस्टीमसाठी, थ्रीजीपीपीने स्वतःचा कॉल प्रोटोकॉल न लिहिता आयईटीएफचा सिप घेतला, रिलीज ५ मध्ये, आणि आपल्याला त्यात काय कमी पडतं ते गरजांच्या रूपात तिकडे मांडलं. त्या गरजा आरएफसी ४०८३ मध्ये छापलेल्या आहेत आणि मोबाईल नेटवर्कपुरते लागणारे काही हेडर (मेसेजच्या वरच्या माहितीच्या ओळी) आरएफसी ३४५५ मध्ये वेगळे आले, म्हणजे बाकीच्या जगाच्या सिपला धक्का न लावता. या दोन संस्था कसं सहकार्य करणार हे पण २००१ मध्येच आरएफसी ३११३ म्हणून लिहून ठेवलं होतं.

उलट उदाहरण टी-एमपीएलएसचं, आणि ते ६जीवाल्या प्रत्येकाने वाचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. आयटीयू-टीने ट्रान्सपोर्ट नेटवर्कसाठी आयईटीएफच्या एमपीएलएसचं, म्हणजे पॅकेटला लेबल लावून वाट दाखवणाऱ्या प्रोटोकॉलचं, आपलं रूप बनवायला घेतलं, पॅकेटवरचं ईथरटाइप (पॅकेट कोणत्या प्रोटोकॉलचं हे सांगणारा आकडा) तेच ठेवलं पण वागणूक बदलली. आता विचार करा, मधल्या डिव्हाइसला पॅकेट दिसतं एमपीएलएसचं, त्याने ते कोणत्या नियमाने हाताळायचं? बाहेरून कळायला काही मार्गच नाही. आयईटीएफने हरकत घेतली, २००८ मध्ये दोघांची संयुक्त टीम बसली, आणि फेब्रुवारी २००९ च्या आरएफसी ५३१७ मध्ये तोडगा आला की प्रोटोकॉलमधली वाढ आयईटीएफच्या पद्धतीने व्हावी आणि ट्रान्सपोर्टच्या गरजा आयटीयू-टीने सांगाव्यात. त्यातून एमपीएलएस-टीपी निघालं. पण तोवर बिघाड शोधण्याच्या पद्धतीवरून तट पडले होते ते मिटलेच नाहीत आणि शेवटी २०१२ मध्ये जी.८११३.१ आणि जी.८११३.२ अशा दोन पद्धती मान्य झाल्या. म्हणजे उपकरणं बनवणाऱ्यांना, विकत घेणाऱ्यांना, चालवणाऱ्यांना कायमचं दुप्पट काम. टी-एमपीएलएसच्या या वादावरची आरएफसी ५७०४ छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते.

यातून काम करताना धरायचा नियम असा: दुसऱ्याच्या प्रोटोकॉलचा कोड पॉइंट (एखाद्या अर्थासाठी ठरवून दिलेला आकडा), हेडर किंवा ईथरटाइप वापरून अर्थ बदलायचा नाही, बदल हवा असेल तर तो ज्याचा आहे त्याच्या दारात जायचं. नाहीतर थ्रीजीपीपीने रिलीज १६ मध्ये फॅक्टरीच्या नेटवर्कसाठी केलं तसं करायचं. तिथे आयईईई ८०२.१ च्या टाइम सेन्सिटिव्ह नेटवर्किंगला (पॅकेट ठरल्या वेळेत पोचवण्याच्या पद्धतीला) हात न लावता अख्खी ५जी सिस्टीमच बाहेरून एका ब्रिजसारखी, म्हणजे नेटवर्कचे भाग जोडणाऱ्या डिव्हाइससारखी, दाखवली, कडेला भाषांतर करणारे भाग बसवले, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. ६जीमध्ये सॅटेलाइट, सेन्सिंग, एआय असे विषय येतायत तिथे असल्या सीमा भरपूर निघणार आहेत.

प्रत्येक ठिकाणची निर्णयाची पद्धत वेगळी हे पण लक्षात असू द्या. थ्रीजीपीपीत सहमती न झाल्यास मतदान आणि ७१ टक्के लागतात, आयईटीएफमध्ये मतदानच नाही, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड बघतात, आयटीयूमध्ये देश मेंबर असतात. त्यामुळे "आमच्याकडे पास झालंय" हे वाक्य दुसरीकडे चालत नाही. आयईटीएफला तर नुसता एलएस पाठवून भागत नाही, कोणीतरी इंटरनेट ड्राफ्ट (आरएफसीच्या आधीचा मसुदा) लिहून, लिस्टवर येऊन, तिथल्या लोकांच्या शंका झेलाव्या लागतात. तुमच्या टीममधलाच माणूस दोन्ही गटांत बसणारा असेल तर एलएस जायच्या आधीच अर्धे प्रश्न सुटलेले असतात. असा माणूस नसेल तर आयईटीएफच्या लायझन मॅनेजरला, म्हणजे दोन संस्थांमधलं बोलणं सांभाळणाऱ्या माणसाला, आधी मेल टाका.

शेवटची तपासणी फ्रीझच्या आधीच्या मीटिंगला करा. सुरुवातीला बनवलेली ती संदर्भांची शीट काढा आणि त्यात अजून ड्राफ्टच असलेले संदर्भ वेगळे करा. इंटरनेट ड्राफ्ट नवी आवृत्ती न आल्यास सहा महिन्यांत एक्स्पायर होतो, आणि मंजूर झाला तरी ज्या दुसऱ्या ड्राफ्टवर तो अवलंबून आहे तो आला नसेल तर आरएफसी एडिटरच्या रांगेत मिसरेफ (संदर्भ अजून आलेला नाही) लिहून अडकून राहतो. असा एक जरी सापडला तर तुमच्या स्पेकच्या रॅपोर्टरला, म्हणजे ती सांभाळणाऱ्या संपादकाला, लगेच कळवा, म्हणजे त्या भागासाठी दुसरा मार्ग धरायचा की पुढच्या रिलीजवर टाकायचा हे मीटिंगमध्ये वेळेत ठरवता येतं.