वाडीवरची शाळा टिकवायची असेल, तर पालकांनी या चुका टाळाव्यात

शिक्षण आयुक्त कार्यालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे, म्हणजे अशा लहान शाळांची मुले एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याचे, प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले आणि त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील शाळांचा दाखला दिला, तेव्हा डोंगराळ भागातील अनेक वाड्यांवर पालकांच्या बैठका सुरू झाल्या. अशा काही बैठकांना मी बसले आहे. लोकांची तळमळ खरी असते, पण त्याच त्या चुकांमुळे ती कार्यालयाच्या दारातच थांबते, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शाळा बंद होण्याची कुणकुण लागल्यावर जागे होणे. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता साधारणपणे ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि ज्या मुलाची आधार नोंद जुळत नाही ते मूल वर्गात रोज बसत असले, तरी कागदावर मोजले जाईलच असे नाही. आमच्या भागातील एका वाडीच्या शाळेचा पट एकोणीस दाखवला होता. जुलै महिन्यात चार आया वही घेऊन घरोघर फिरल्या, तेव्हा दोन मुलांच्या आधारवरील जन्मतारखा शाळेच्या नोंदवहीशी जुळत नसल्याचे आढळले, आणि आजोळी राहायला आलेल्या एका मुलीचे नाव अजून वडिलांच्या गावच्या शाळेतच होते. तिन्ही नोंदी दुरुस्त झाल्या आणि पट बावीस झाला. हेच काम ऑक्टोबरमध्ये केले असते, तर त्या वर्षीच्या मोजणीत त्याचा उपयोग झाला नसता.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावात तर हे अधिकच लक्षात ठेवावे लागते. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात आणि मुलेही बरोबर जातात. मुलांना गावातच राहून शिकता यावे, यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी टोळ्या निघण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात यायला हवी.

दुसरी चूक म्हणजे गुरुजींना पुढे करणे. ते शासकीय सेवेत आहेत. त्यांनी निवेदन लिहिले किंवा मोर्चात घोषणा दिल्या, तर खुलासा त्यांनाच मागितला जातो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. कायद्याने हा अधिकार पालकांनाच दिलेला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, तर कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीचे आहे. प्रत्यक्षात कित्येक पालकांना आपण समितीत आहोत हेच माहीत नसते, कारण सही घरी येऊन घेतलेली असते. आंदोलनाचा विचार करण्यापूर्वी समितीची इतिवृत्त वही मागून वाचावी.

बैठकीची वेळ हाही साधा वाटणारा, पण निर्णायक मुद्दा आहे. दुपारी बारा वाजता शाळेत बैठक ठेवली की मजुरीला गेलेल्या आया येऊ शकत नाहीत, मग चार कर्ते पुरुष बोलतात आणि ठराव होतो. रात्री आठ वाजता देवळाच्या ओट्यावर ठेवलेल्या बैठकीला मात्र त्या जेवणे उरकून येतात, आणि मुलीला ओढा ओलांडून पाठवायचे की नाही याचा निर्णय घरात ज्यांना घ्यायचा असतो, त्यांचेच म्हणणे नोंदवले जाते.

निवेदनाबाबतची चूक मला विशेष खटकते. ‘आमची शाळा वाचवा’ एवढेच लिहून खाली दोनशे सह्या जोडलेला कागद अधिकाऱ्याला कोणतेही उत्तर देण्यास बांधत नाही. नेमके लिहावे. पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे राज्याच्या नियमांत आहे, आणि साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असावेत, असे कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्याला आपल्या रस्त्याची माहिती जोडावी. पावसाळ्यातील एका सकाळी पालकांनी मुलांसोबत प्रस्तावित शाळेपर्यंत स्वतः चालत जावे, निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ लिहावी, ओढ्याचे पाणी पहिलीतल्या मुलाच्या गुडघ्यापर्यंत येते की कमरेपर्यंत याचे छायाचित्र घ्यावे. वाहनाचे आश्वासन मिळाले, तर गाडी वाडीपर्यंत येणार की फाट्यापर्यंत, आणि भाडे कोण भरणार, हे लेखी मागावे. निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावे, प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि दोन्हीकडून शिक्का मारलेली पोच घ्यावी. त्यासोबत ग्रामसभेचा ठराव असावा. मात्र वाडीचा विषय मुख्य गावाच्या सभेत मागे पडतो, म्हणून तो विषयपत्रिकेवर आधीच लेखी नोंदवून घ्यावा.

शाळेला टाळे ठोकणे टाळावे. ज्या मुलांसाठी आपण भांडतो, त्यांचेच दिवस त्यात बुडतात. निवडणुकीच्या तोंडावर एका पक्षाचा फलक लावून बैठक घेतली, तर निम्मे गाव येत नाही.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. शाळेच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याची स्वतःची मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून तालुक्याला जात असतील, तर त्याचे बोलणे टिकत नाही. अशा पालकांना दूषणे देण्याऐवजी त्यांनी मुले का काढली, हे बैठकीत शांतपणे विचारावे. शिक्षक वारंवार अन्य कामांवर जातात, स्वच्छतागृहाला पाणी नाही, पहिलीत इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत, अशी उत्तरे येतात, आणि तीच शाळा विकास आराखड्यातील पहिली कलमे व्हायला हवीत.

एवढे करूनही ‘वरून आदेश आहे’ असे तोंडी सांगितले जात असेल, तर आदेशाची प्रत मागावी. ती मिळाली नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. हे सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवावेत, आणि ती फाइल चौथीतल्या मुलाच्या वडिलांकडे न देता पहिलीत नुकत्याच दाखल झालेल्या मुलाच्या आईकडे द्यावी, कारण तिला अजून काही वर्षे याच शाळेच्या फाटकाशी रोज यायचे असते.