हाताच्या शस्त्रक्रियेनंतर व्हिडिओ बघून व्यायाम करताना

इंटरनेटवर सापडलेला कुठलाही व्हिडिओ लावू नका. थेरपिस्ट तुमच्याच हातावर व्यायाम दाखवत असतील तेव्हाच मोबाइलवर शूट करून घ्या, कितीदा आणि किती जोराने हेही त्यांच्याच तोंडून. शिवलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि पिन घातलेलं हाड यांचे व्यायाम वेगळे. टेंडन पहिल्या काही आठवड्यांत जोर लावल्यास तुटू शकतो, म्हणून स्प्लिंट (हात स्थिर ठेवणारा कडक आधार) काढायची परवानगी नसेल तर हात स्प्लिंटमध्येच.

घरी स्वतःचा व्यायाम शूट करताना मोबाइल स्टँडवर, हाताच्या बाजूला, मनगटाच्या उंचीवर ठेवा. समोरून कुठला सांधा वाकतोय ते नीट कळत नाही. नेमकं चुकतं तिथेच: बोटाचा मधला सांधा वाकवायचा असताना ते मुळाशी वाकतं, आणि मूठ वळल्याचं समाधान मात्र मिळतं! यावर उपाय म्हणजे दुसऱ्या हाताच्या चिमटीत मुळाकडचं पेर सरळ धरून फक्त मधला सांधा वाकवायचा, क्षणभर थांबून सावकाश सोडायचा. टेंडन ताजा शिवलेला असेल तर हे थेरपिस्टने सांगितल्याशिवाय करू नका.

एकदाच खूप करण्यापेक्षा दिवसभरात थोडं थोडं बरं. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं. एरवी हात छातीपेक्षा उंच, उशीवर ठेवा.

टक् असं जाणवून बोट अचानक वाकेनासं झालं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनना फोन करा.