गीयोम द माशो ऐकताना या चुका टाळा

चौदाव्या शतकातल्या या फ्रेंच रचनाकाराची ओळख बहुतेकांना ‘मेस द नोत्र दाम’ या मासपासून (मास म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठराविक प्रार्थनांना दिलेलं संगीत) होते, आणि पहिली चूक तिथेच होते. नाव वाचून ती पॅरिसच्या नोत्र दामसाठी रचली असं धरून चालतात. माशो 1337 पासून फ्रान्समधल्याच रँस शहरातल्या कॅथेड्रलशी जोडलेला होता आणि 1377 मध्ये तिथेच वारला. ‘नोत्र दाम’ म्हणजे माता मेरी. रँसचं कॅथेड्रलही तिचंच.

ही ‘जगातली पहिली मास’ असंही सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. बहुस्वरी, म्हणजे एकाच वेळी अनेक आवाज वेगवेगळ्या चाली गातात अशा, मास आधीही होत्या, तूर्ने शहराची तर प्रसिद्ध आहे. पण त्यातले भाग वेगवेगळ्या हातांचे. एकाच ज्ञात रचनाकाराने संपूर्ण बांधलेली, आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मास ही माशोची.

खरी अडचण ऐकण्यात येते. आपला कान वरच्या आवाजात चाल शोधतो, ती सापडत नाही आणि दोन मिनिटांत रेकॉर्डिंग बंद होतं. अशा वेळी खाली जा. मासच्या बहुतेक भागांत टेनर हा आवाज जुन्या धर्मगीतातले स्वर संथपणे धरून ठेवतो. मासच्या सुरुवातीच्या प्रार्थनेत, पहिल्या ‘किरिए’त, त्याचा चार स्वरांचा लयबंध सात वेळा येतो, स्वर पुढे सरकतात, लय तीच राहते. ठेका धरायची सवय असलेल्या आपल्या कानाला हे लवकर उमगतं. या लयबंधाला टालेया म्हणतात. ‘ताल’शी त्याचं नातं मात्र जोडू नका, तो लॅटिन शब्द आहे.

मुक्कामाच्या जागी, म्हणजे ओळ संपताना, स्वर टोचले तर गायक चुकले असं समजू नका. दोन आवाज एकाच वेळी अर्ध्या स्वराने वर चढून विसावतात. त्या काळचा विसावा असाच, आणि मला तर तीच सगळ्यात सुंदर जागा वाटते.

माशोला चर्चपुरता ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. तो कवी होता, बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रदेशातल्या राज्याच्या) आंधळ्या राजाचा, योहानचा, चिटणीस होता, आणि त्याची बरीचशी गाणी फ्रेंच प्रेमगीतं आहेत. मास जड वाटली तर ‘मा फाँ ए मों कोमाँसमाँ’ लावा, म्हणजे ‘माझा शेवट हाच माझा आरंभ’. तीन आवाजांपैकी एक दुसऱ्याचीच चाल शेवटाकडून सुरुवातीकडे गातो. तिसरा अर्ध्यावर पोचून आल्या वाटेने परततो. शब्द जे सांगतात, तेच स्वर करतात.