ब्रिटिश स्लँगची व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

'पॉश' हा शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांच्या आद्याक्षरांतून आला, असं तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत प्रवासी येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे कमी उन्हाची केबिन घेत आणि त्यांच्या तिकिटांवर ही चार अक्षरं छापलेली असत, अशी ती गोष्ट. मुंबईचं नाव असल्यामुळे आपल्याला ती जास्तच आवडते. पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. 'ऐटबाज' या अर्थाने हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापील मजकुरात दिसू लागतो, आणि बोटीची गोष्ट १९३०च्या दशकात. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, किरकोळ पैसा. या अर्थामागे रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी (रोमा) लोकांच्या, भाषेतला 'अर्धा' अशा अर्थाचा शब्द आहे. त्याच शतकाच्या अखेरीस 'पॉश' म्हणजे नटूनथटून मिरवणारा माणूस, असाही अर्थ नोंदलेला आहे.

आद्याक्षरांच्या गोष्टीवर विश्वास ठेवणे

आद्याक्षरं जोडून नवा शब्द घडवण्याची रीत खऱ्या अर्थाने रुळली ती विसाव्या शतकात. त्यामुळे जुन्या बोलीतल्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली, तर ती बहुधा मागाहून रचलेली असते. 'चाव', म्हणजे खालच्या वर्गातला उर्मट तरुण, या हिणकस शब्दाचंही तेच झालं. 'कौन्सिल हाउस्ड अँड व्हायलंट' ही त्याची फोड खोटी आहे. त्याचं मूळ मूल किंवा पोरगा या अर्थाच्या रोमानी शब्दात सापडतं. अशी फोड निरुपद्रवी नसते. सरकारी घरांत राहणारे सगळेच गुंड, हा आरोप तिच्या पोटात आहे. म्हणून ती पुढे पाठवू नका.

देवळालीची गोष्ट अर्धीच सांगणे

'डूलॅली', म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला, आणि हे खरं आहे. चूक होते ती पुढे. तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा अर्थ आला, असं सर्रास सांगितलं जातं. खरी गोष्ट छावणीतल्या वाट पाहण्याची आहे. नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाण्याआधी देवळालीत थांबत. सैन्याची जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपली की महिनोन्‌महिने तिथेच अडकायचं. कामधाम नाही, उकाडा, दारू, जुगार, हिवताप. त्यात माणसं सैरभैर होत. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा आहे. हा टॅप म्हणजे नळ नव्हे की टिचकीही नव्हे. तो ताप आहे, आपण अंगात भरतो म्हणतो तोच. पुढे ताप गळला आणि गाव तेवढं उरलं. आपल्या एका गावाचं नाव असं परक्या बोलीत टिकून आहे, तर ते पूर्ण संदर्भासह सांगायला हवं.

दिसेल तो शब्द आपला म्हणणे

'डेको' म्हणजे देखो, 'पक्का' म्हणजे पक्काच. 'ब्लायटी', म्हणजे मायदेश ब्रिटन, हे सैनिकांच्या तोंडातलं 'विलायती'. पहिल्या महायुद्धात घरी पाठवलं जाईल एवढ्या जखमेला 'ब्लायटी वून्ड' म्हणत. ही उदाहरणं इतकी भक्कम आहेत की मग हावरटपणा सुरू होतो. 'कुशी', म्हणजे आरामाचं, हे 'खुशी'शी नातं सांगतं. पण 'कुश्टी', म्हणजे झकास, हा शब्द रोमानीतून आलेला आहे. रोमानी भाषेचं मूळ भारतातच आहे, पण ती वाट वेगळी आणि कित्येक शतकं जुनी. दोन्ही शब्द एकाच गाठोड्यात बांधू नका.

'बॉब्ज युअर अंकल' (शब्दशः 'बॉब तुझा मामा', म्हणजे 'झालं, काम फत्ते') या प्रयोगाचीही तारीख तपासा. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी, म्हणजे रॉबर्ट (लाडाने 'बॉब') सेसिल, यांनी १८८७ साली आपला भाचा आर्थर बाल्फर याला आयर्लंडचा मुख्य सचिव नेमलं, त्यावरून तो रूढ झाला म्हणतात. पण लिखित पुरावा १९२०च्या दशकापासूनचा आहे. मधल्या पस्तीसेक वर्षांत एकाही विनोदी साप्ताहिकाने तो वापरला नसता का? अशा तपासासाठी जॉनथन ग्रीन यांचा स्लँगकोश उत्तम. तो ऑनलाइन आहे आणि प्रत्येक अर्थासमोर सालवार उतारे देतो.

यमक उच्चारून दाखवणे

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कॉकनी बोलीत एखाद्या शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा शब्दसमूह वापरतात: 'लुक'साठी 'बुचर्स हुक' आणि 'लाइज'साठी 'पोर्क पाइज'. बोलताना मात्र यमकाचा शब्दच बहुधा गाळतात: 'हॅव अ बुचर्स', 'टेलिंग पोर्कीज'. 'यूज युअर लोफ'मधला लोफ म्हणजे डोकं, कारण 'लोफ ऑफ ब्रेड'चं यमक 'हेड'शी जुळतं. गाळलेला तुकडा माहीत नसेल तर अर्थ शोधूनही सापडत नाही.

वापरताना

'पिस्ड' म्हणजे ब्रिटनमध्ये दारू चढलेला, अमेरिकेत चिडलेला. 'पँट्स' म्हणजे आतले कपडे, त्यामुळे पँटीला 'ट्राउझर्स' म्हणा. आणि तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हमखास गोंधळात पाडणारा प्रश्न म्हणजे 'यू ऑल राइट?' ती प्रकृतीची चौकशी नसते, नुसता नमस्कार असतो. आपणही 'ऑल राइट?' म्हणायचं आणि कामाला लागायचं.