समुपदेशक ठरवण्याआधी फोनवर काय विचाराल

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हटलं गेलं, पण मी पुरुष. आमचं रावेर लहान. दवाखान्याच्या बाकड्यावर कुणी दिसलं की संध्याकाळपर्यंत मामीच्या कानावर. म्हणून मी पुण्याच्या मॅडमशी व्हिडिओवर बोलतो, केळीच्या मळ्यात, मोटारीच्या खोलीमागे. मोटार चालू असली की बाजूच्या बांधावर काही ऐकू जात नाही. लाईट गेली की मोटार बंद, मग माझा आवाज आपोआप खाली येतो.

वेळ घेण्याआधी सरळ विचारा: "मी ट्रान्स पुरुष आहे. अशा लोकांसोबत काम केलंय का? घरच्यांना काही सांगाल का?" उत्तरात "बरं करू" किंवा "लग्न झालं की सुटेल" आलं, तर फोन ठेवा भाऊ. डॉक्टरांनी माणसाचं ट्रान्स असणं बदलायचे असले 'उपचार' करणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस रागावत नाही. गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

फीचं आधीच बोला, विचारल्यावर काही जण कमी करतात. रात्री फार जड झालं तर टेलि-मानस ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा, १४४१६, फुकट आणि मराठीत. पहिल्या भेटीत कोणत्या नावानं हाक मारू हेही विचारलं नाही, तर दुसरी वेळ घ्यायची का ते तुमचं तुम्ही बघा. मी घेतली नसती.