माळ्यावरचा गणपती-दिवाळीचा पसारा कसा आवरायचा

सगळ्यात आधी एक सांगते, सणाच्या सामानाची आवराआवर सणाच्या आधी करायची नसते. गणपती चार दिवसांवर आले की आपण माळ्यावर चढतो, हाताला लागेल ते खाली ओढतो, अर्धं तुटलेलं निघतं, मग बाजारात पळतो आणि तेच परत विकत आणतो. आमच्याकडे याच पद्धतीने कापडी झेंडूच्या माळांचे अकरा जोड जमले होते, अकरा! दार एकच आहे हो.

खरी वेळ म्हणजे सामान उतरवायचा दिवस. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी, आणि दिवाळीचं म्हणाल तर तुळशीचं लग्न किंवा त्रिपुरी पौर्णिमा झाली की कंदील उतरतो तेव्हा. त्या दिवशी काय वापरलं आणि काय नुसतंच खोक्यात पडून राहिलं हे डोळ्यासमोर असतं. जे सलग दोन वर्षं खोक्यातून बाहेरच आलं नाही ते बाजूला काढा. एवढा एकच नियम मी पाळते, कारण "हे बघून आनंद होतो का" वगैरे विचारत बसलं तर सासूबाईंना प्रत्येक गोष्ट बघून आनंद होतो, "असू दे गं, लागेल कधीतरी" हे ठरलेलं. मग मी एक खोकं त्यांच्यासाठी वेगळं ठेवलं, त्यात काय ठेवायचं ते त्यांनी ठरवायचं, पण खोकं एकच. भांडण मिटलं.

न विचारता जाऊ द्यायच्या गोष्टी: थर्माकोलची जुनी मखरं (२०१८ च्या बंदीनंतरही कित्येकांच्या माळ्यावर आहेत, जाळू मात्र नका, सुक्या कचऱ्यात द्या), अर्धीच पेटणारी लायटिंगची माळ, चिकटपणा गेलेली स्टिकरची रांगोळी, आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने. दागिने फार जीव लावून ठेवतो आपण, पण शेवटी ती साखर आहे, पावसाळ्यात पाझरते आणि मुंग्या थेट शेजारच्या साड्यांपर्यंत जातात. फोटो काढा आणि सोडा.

आता ठेवायचं कसं. लायटिंग एका खोक्यात, कापडं दुसऱ्यात असं प्रकाराप्रमाणे लावू नका, सणाप्रमाणे लावा. गणपतीचं सगळं एकत्र, अगदी एक्स्टेंशन बोर्डसुद्धा. नाहीतर एका सणाला चार खोकी उघडावी लागतात आणि परत भरताना कशाचा कशाला पत्ता नसतो.

गौरींचे मुखवटे हा नाजूक विषय. आमचे शाडूचे आहेत, आणि एका वर्षी मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. दुसऱ्या वर्षी उघडलं तर धाकट्या गौरीच्या गालावर छापील अक्षरं उमटलेली, उलटी, पण वाचता येत होती, कसलीतरी जाहिरात होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून मुखवटा आधी मऊ जुन्या सुती कापडात, धुतलेलं धोतर असेल तर उत्तम, नाकावर दाब येणार नाही असा सैल गुंडाळायचा आणि तोंड वर करून डब्यात ठेवायचा, दोन मुखवटे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, मध्ये कापडाची गुंडाळी. शाडूचे असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आत दमट राहिलं की रंग सुटतो. पितळी असतील तर चिंच-मीठ लावून धुवा आणि पूर्ण कोरडे करूनच ठेवा.

गौरी ज्यावर उभ्या करतात त्या पत्र्याच्या कोठ्या असतील तर त्या रिकाम्या का ठेवता? गौरींचे हात, खोट्या दागिन्यांचे डबे सगळं आत बसतं. फक्त साडी नको, पत्रा गंजला तर डाग पडतो. जरीची साडी सुती कापडात बांधून कपाटातच बरी, आणि तिच्याजवळ डांबरगोळ्या टाकू नका, जरीचे धागे काळे पडतात. त्याऐवजी वेखंड घाला, पुरचुंडी करून. खोटे दागिने मात्र एकेक वेगळ्या झिप पाऊचमध्ये, आधी हळद-कुंकू पुसून, नाहीतर पॉलिश जातं.

लायटिंगची माळ गुंडाळायची पद्धत: आधी लावून बघा पेटते का, मग जाड पुठ्ठ्याचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना खाच पाडा, प्लगचं टोक शेवटी बाहेर राहील असं प्लग नसलेल्या टोकापासून गुंडाळत जा. रबरबँड अजिबात नको, माळ्यावरच्या उन्हाळ्यात तो वितळून वायरला चिकटतो, सेलोटेपचंही तेच. जुन्या साडीच्या काठाची पट्टी फाडून बांधा. सेलवरच्या पणत्या असतील तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतली स्प्रिंग खातात.

मातीच्या पणत्या दरवर्षी नवीन घ्यायची काही गरज नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, काथ्याने घासा, दोन दिवस कडक ऊन द्या. मेणाच्या असतील तर गरम पाण्यात टाकल्यावर मेण वर तरंगतं, थंड झाल्यावर ती साय काढून कचऱ्यात टाका. पाणी तसंच सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो (अनुभव आहे, प्लंबरचे पैसे पण दिलेत).

कंदील बांबूच्या काड्यांचा असेल तर कागद फाटला म्हणून टाकू नका, सांगाडा जपा, दरवर्षी नवा पतंगाचा कागद चढवायचा. झिरमिळ्या काढून वहीत दाबून ठेवा म्हणजे चुरगळत नाहीत. घडीचा कापडी कंदील असेल तर काम सोपं, बल्ब-होल्डर काढा, धूळ झटका, घडी.

मखर सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, समोरून एक आणि मागून दोन, कारण खरे सांधे मागेच असतात. पाईप किंवा पट्ट्यांवर मार्करने नंबर टाका आणि नटबोल्टची पिशवी पहिल्याच पाईपला बांधून टाका, वेगळ्या डब्यात ठेवली की ती पुढच्या वर्षी सापडत नाही, हे कुठल्याही घरात विचारा.

खोकी शक्यतो झाकणाची प्लॅस्टिकचीच, पुठ्ठ्यात झुरळं आणि कसर होते. बाजूला मोठ्या अक्षरात सणाचं नाव लिहा, वर लिहिलं तर माळ्यावर चढल्याशिवाय दिसत नाही. दिवाळीचं खोकं मागे, गणपतीचं पुढे.

आणि ते गणपतीचं खोकं मे महिन्यात एकदा खाली काढाच. वापरायच्या आधीचा जवळपास अख्खा पावसाळा ते बंद असतं, बुरशी लागते ती तेव्हाच. गच्चीवर कुरडया वाळत घालता त्याच दिवशी शेजारी पडदे आणि तोरणं पसरा, रंगीत कापड मात्र सावलीत, संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावर परत भरा. आमच्याकडे मागच्या वर्षी एका तोरणाला कुरडई चिकटून तशीच माळ्यावर गेली होती, गणपतीत निघाली, तेवढं बघून घ्या.