पेशीतला विषाणू: आधी चमक, मग रचना

एकच पेशी आधी प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना पाहायची आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना पाहायची, या कामासाठी नव्या विद्यार्थ्यांना मी सुरुवातीला व्हॅक्सिनियाच देते. देवीच्या लशीचा हा विषाणू साधारण ३०० नॅनोमीटरचा, म्हणजे विषाणूंमध्ये धिप्पाड. वाढतो पेशीद्रवात, त्यामुळे केंद्रकाबाहेर डीएनएचा रंग दिसला की विषाणू बनण्याचा कारखाना सापडला.

पेशी काचतळावर अक्षरांच्या चौकटी कोरलेल्या डिशमध्ये वाढवा. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेला विषाणू सोडून सुमारे ८ तासांनी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड (पेशी आहे तशी स्थिर करणारं रसायन) घाला आणि कॉन्फोकल म्हणजे एकेक पातळ थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्या. पेशी आणखी पक्की करणारं ग्लुटराल्डिहाइड त्यानंतरच, त्याची स्वतःची चमक फार त्रास देते. ऑस्मियमने (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठीचा जड धातूचा रंग) तर जीएफपी विझतोच, त्यामुळे राहिलेला फोटो कायमचा राहिला. हवी ती पेशी टिपली की १०एक्सने (कमी मोठं दाखवणाऱ्या भिंगाने) आजूबाजूची वस्ती आणि चौकटीचं अक्षरही घ्या. पोरं नेमका हाच फोटो टाळतात, आणि पुढचं सगळं काम त्याच्यावर चालतं.

मग ऑस्मियम (फ्यूम हूडमध्येच!), पाणी काढायला अल्कोहोल, पेशी घट्ट ठोकळ्यात बसवायला रेझिन, ६० अंशांवर ४८ तास. काच काढल्यावर रेझिनवरचं अक्षर सुलटं दिसतं की उलटं ते पाहा, फोटो तसा फिरवा, मगच ठोकळा कोरा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी काप ७० नॅनोमीटरचे. कॉन्फोकलच्या एका प्रतलाची जाडी अशा सात-आठ कापांएवढी तरी भरते, म्हणून सलग काप जपा. पहिलाही, कारण पेशीचा तळ त्यातच असतो.

दोन्ही सूक्ष्मदर्शकांच्या फोटोंची जुळवणी जीएफपीच्या ठिपक्यांवरून करू नका, नाहीतर हवं तेच दिसायला लागतं. केंद्रकाची कड आणि मेदाचे थेंब जुळवा. मग ठिपक्याच्या जागी गोल कण दिसले तर विषाणू अपक्व, विटेच्या आकाराचे दिसले तर पक्व.